शाळेच्या खर्चातील काटकसर आणि न्याय

पैसा कमी पडला म्हणजे खर्च आटोपता घ्यावा, हे सांगण्यास कोणी पंडित लागत नाही. कर्जत-खालापुराकडील भातशेती करणाऱ्या घरांत हा धडा दर वर्षी गिरविला जातो. ज्येष्ठ लागला आणि कणगी तळास गेली म्हणजे घरधनीण पेज पातळ करिते, नवे लुगडे दिवाळीवर टाकिते, पाहुणचार आखडता घेते. परंतु पेरणीसाठी वेगळे बांधून ठेविलेल्या भातास हात लावीत नाही. ह्या काटकसरीतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पेज पातळ करणारी बाई स्वतः त्याच पेजेवर दिवस काढिते, आणि बहुधा सर्वांच्या मागून जेवावयास बसते. म्हणून तिचा निर्णय कठोर असला तरी घरात त्यास कोणी अन्याय म्हणत नाही.

सार्वजनिक द्रव्याच्या काटकसरीत असे घडत नाही. तेथे कात्री एकाच्या हाती असते व कापड दुसऱ्याचे असते. शाळा बंद करण्याच्या कागदावर जो सही करितो, त्याचे मूल बहुधा त्या शाळेत नसते. तेवढ्यावरून त्याचा निर्णय चूक ठरत नाही. परंतु घरधनिणीपेक्षा त्याने अधिक जपून वागले पाहिजे, हे मात्र उघड आहे. तेव्हा आज आम्ही वाचकांपुढे हा प्रश्न ठेवितो, की तूट खरोखरीच आली असता शाळांच्या खर्चातून काय कमी करावे, कोणाचे कमी करावे, आणि ते न्यायाने झाले की नाही हे कशावरून ओळखावे?

हा प्रश्न केवळ वादाचा नाही. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आहेत, आणि त्या शाळांच्या खर्चाचा मोठा भाग राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. २०१७ सालच्या डिसेंबरात दहांहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. पुढे २०२३ साली वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्या, असा विचार पुढे आला. रायगड जिल्ह्यात अशा लहान शाळा डोंगराच्या कुशीतील ठाकूरवाड्या व कातकरीवाड्या यांतच अधिक आढळतात. म्हणून मोहोपाड्याच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम सरकारची बाजू नीट ऐकून घेऊ. कारण एका पक्षाचेच ऐकून निवाडा देणे हाही अन्यायच होय. प्राथमिक शिक्षणाच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा शिक्षकांच्या वेतनाचा असतो. खडू, डस्टर, झाडू, वीज यांवर कितीही हात आखडला तरी त्यातून फारसे काही निघत नाही. समग्र शिक्षा योजनेखाली तीस मुलांपर्यंतच्या शाळेस वर्षाकाठी १०,००० रुपयांचे अनुदान ठरविलेले आहे. त्यातून आणखी काय कापावयाचे? म्हणून ज्याच्यावर मोठी रक्कम वाचविण्याचा भार पडतो त्याची दृष्टी आपोआप शिक्षकांच्या जागांकडे व शाळांच्या संख्येकडे वळते. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक द्यावयाचे. चार मुलांच्या शाळेस दोन शिक्षक आणि मोठ्या गावच्या शाळेत एका शिक्षकापुढे चाळीस मुले, हे चित्र पाहून कोणाही हिशेबी मनुष्याच्या कपाळास आठी पडावी हे स्वाभाविक आहे.

ह्याशिवाय दुसरेही एक कारण सांगतात, आणि ते टाकाऊ नाही. चार इयत्तांची चार मुले एका खोलीत बसतात. बरोबरीचा सोबती नाही, खेळावयास गडी नाही, वाचनालय नाही. अशा शाळेत मूल एकटे पडते. त्यास मोठ्या शाळेत नेले तर त्याचे कल्याणच होईल, असे मनापासून मानणारे अधिकारी व शिक्षकही आहेत. त्यांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती ‘वाचले’ ह्या एका शब्दात आहे. शाळा बंद केल्याने सरकारी वहीत एक रक्कम कमी झाली, हे खरे. परंतु ती खरोखरच वाचली, की एका वहीतून निघून दुसरीकडे गेली, हे पाहावयास नको काय? समजा, वाडीतील शाळा बंद झाली व पुढील शाळा दोन किलोमीटरांवर आहे. जाऊन येऊन रोजचे चार किलोमीटर झाले. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० दिवस शाळा चालावी असे कायदा म्हणतो. म्हणजे सहा-सात वर्षांचे मूल वर्षाला ८०० किलोमीटर चालणार. मुंबईहून निघून पायी नागपूर गाठावे, जवळजवळ इतके! आणि ही वाट रानातून, ओढ्यातून व आषाढातील धारांतून जाते. लहान मुलीस एकटी कोण पाठवील? तिच्याबरोबर आईस जावे लागते, आणि आई गेली म्हणजे तिची मजुरी बुडते. हे चालणे, ही बुडालेली मजुरी, ओढ्याला पूर आला म्हणून चुकलेले दिवस, आणि शेवटी ‘नको ती शाळा’ म्हणून घरी बसलेली मुलगी, ह्यांतील एकही रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तरी ती रक्कम कोणीतरी भरीतच असते. सरकारने जो खर्च सोडला तो वाडीने उचलला, एवढाच त्याचा अर्थ. ह्यास काटकसर म्हणता येत नाही. हे ओझ्याचे खांदेपालट आहे, आणि खांदा मात्र अधिक दुबळा निवडलेला आहे.

आता पट कमी का झाला तेही पाहू. कोणी म्हणेल, मुलेच नाहीत तर शाळा कोणासाठी? मोहोपाडा पूर्वी लहानसे गाव होते. शेजारी रसायनीचे कारखाने उभे राहिले, वस्ती वाढली, बाजारपेठ झाली. आज तेथे आणि चौक, खोपोली, कर्जत अशा ठिकाणी ज्यांच्या खिशात फी भरण्याइतके पैसे आहेत, अशांपैकी पुष्कळांची मुले गाडीत बसून खासगी शाळेत जातात. आईबापांनी आपल्या मुलाचे हित पाहिले, ह्यात त्यांचा अपराध नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, ज्यास जाणे शक्य होते तो सरकारी शाळेतून निघून गेला, आणि ज्यास कोठेच जाता येत नाही तो मागे राहिला. कातकरी कुटुंबे तर पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व मुलांसही बरोबर नेतात. शिवाय शिक्षकांच्या जागा ठरविताना ज्यांचे आधारपत्र जुळले तेवढीच मुले अलीकडे हिशेबात धरू लागले आहेत. आणि ज्यांच्या जन्माची नोंदच कधी झाली नाही अशी मुले कोणत्या वस्तीत अधिक सापडतात, हे वाचकांस सांगावयास नको. तेव्हा उतरलेला पट हा गरज उतरल्याची खूण नव्हे. पुष्कळदा तो उलट असे सांगतो की, येथे आता केवळ तेच उरले आहेत ज्यांस ह्या शाळेवाचून दुसरे काहीच नाही. डोकी मोजल्याने संख्या कळते, पण गरज मोजली जात नाही.

ह्या ठिकाणी मोहोपाड्याच्या शेजारचाच एक दाखला द्यावासा वाटतो. रसायनी येथील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. पुढे ती तोट्यात गेली, आणि २०१७ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारने रसायनीचे न परवडणारे विभाग बंद करण्याचे ठरविले. ह्या निर्णयाने कित्येक घरांची चूल हलली, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले आहे. परंतु तेव्हाही एक विभाग राखून ठेवण्याचे ठरले. अवकाशात अग्निबाण सोडण्यास लागणारे एक विशिष्ट रसायन तेथे तयार होत असे. म्हणून तो विभाग बंद न करता भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावयाचा असे ठरले. त्या वेळी विचार कसा केला गेला पाहा. सर्व विभागांतून सारखा हिस्सा कापला नाही, की ज्या विभागात माणसे थोडी तो आधी बंद, असेही केले नाही. ह्याची जागा दुसरे कोणी भरून काढील काय, असे विचारले गेले. आणि उत्तर ‘नाही’ असे आल्यावर तोट्याची भीती मागे पडली. अग्निबाणाच्या बाबतीत ज्या राष्ट्रास हा विवेक सुचला, त्यास वाडीवरच्या शाळेच्या बाबतीत तो सुचू नये काय? मोहोपाड्यासारख्या मोठ्या गावातील एक वर्ग कमी केला तर मुलास शेजारचा वर्ग आहे. वाडीतील एकच शाळा गेली तर तिची जागा भरून काढणारे काहीही तेथे नाही. म्हणून आमचा पहिला नियम असा, की ज्या वस्तूस पर्याय आहे तिला कात्री आधी लागावी, व जिला पर्याय नाही तिला सर्वांच्या शेवटी.

दुसरा नियम क्रमाचा आहे. आधी द्यावे, मग घ्यावे. समूह शाळांची सूचना करिताना पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले देण्यात आले होते. मुलांस आणण्या-नेण्याची सोय खरोखर होत असेल, इमारत चांगली असेल, प्रत्येक इयत्तेस शिक्षक असेल, तर एकत्र शाळा ही मुलांच्या लाभाची होऊ शकते, हे आम्ही आनंदाने कबूल करितो. परंतु पुष्कळदा क्रम उलटा होतो. शाळेस कुलूप आज लागते, आणि गाडी ‘मंजुरी आल्यावर’ येते. ग्रामीण मुलींस एसटीचा मोफत पास मिळतो ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या वाडीस एसटीच जात नाही तेथील मुलीने तो पास घेऊन करावे काय? म्हणून नवी सोय एक पूर्ण पावसाळा टिकून दाखवीपर्यंत जुनी शाळा मोडू नये. आणि मोडली तरी तिची इमारत दुसऱ्या कामास देऊन टाकू नये. कारण निर्णय चुकला असे दिसून आले तर परत फिरण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

तिसरा नियम कात्री धरणाऱ्याविषयी आहे. त्याने ती प्रथम आपल्याकडे वळवावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढिली. साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडून मुलांस जेवू घातले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आज कोणा अधिकाऱ्याने घरचे दागिने विकावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तूट आली असता प्रथम समारंभ, जाहिराती, मोटारी, बैठकांची भोजने व कोणी न वाचणारे अहवाल यांचा खर्च कमी झाला, हे लोकांस दिसले पाहिजे. त्यातून रक्कम थोडीच निघेल, हे आम्ही जाणतो. तरी त्या थोड्या रकमेने विश्वास पुष्कळ मिळतो. आणि विश्वास नसला तर योग्य काटकसरही लोकांस लूट वाटते.

चौथी गोष्ट अशी की, ‘पैसा नाही’ हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारू नये. १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष देताना जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते, की सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणिले. खर्च कोठून आणावा, हा त्यावरील एक मोठा आक्षेप होता. आणि १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. परंतु त्याआधीच, १९०६ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. एका ठिकाणी पैसा नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणी होता, असे थोडेच आहे? कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा सहा इतका भाग शिक्षणास द्यावा असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे, आणि अजून तो गाठलेला नाही. तेव्हा पुष्कळदा ‘पैसा नाही’ ह्याचा अर्थ ‘पैसा तेथे द्यावयाचा नाही’ असा असतो. हे नेहमीच खोटेपणाने म्हटले जाते असे नाही. पण विचारल्यावाचून कळत नाही.

आता एक कठीण आक्षेप राहिला, त्यास बगल देणे बरे नव्हे. कोणी म्हणेल, तुम्ही वाडीच्या चार मुलांचा कैवार घेता, परंतु पिशवी एकच आहे. त्या चारांवर जो शिक्षक नेमला तो मोहोपाड्याच्या चाळीसांस मिळाला नाही. ती चाळीस मुलेही गरिबाचीच आहेत. मग चारांसाठी चाळिसांचे नुकसान करणे हा न्याय काय? ह्या आक्षेपात सत्य आहे. आमचे उत्तर असे की, सर्वांस सारखे रुपये देणे म्हणजे सर्वांस सारखे वागविणे नव्हे. घाटमाथ्यावरील विहिरीस खाडीकाठच्या विहिरीपेक्षा अधिक लांब दोर लागतो. दोराची लांबी सारखी ठेविली तर एकास पाणी मिळेल व दुसऱ्याचा पोहरा रिकामा वर येईल. दूरच्या मुलास तेवढेच शिक्षण देण्यास अधिक खर्च येतो, आणि तो खर्च त्याच्यावरील उपकार नसून त्याचा हक्क आहे. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने व २००९ सालच्या कायद्याने तो लिहून दिलेला आहे. चाळीस मुलांवर एकच शिक्षक असणे हेही त्याच कायद्याचे उल्लंघन आहे. एका उल्लंघनाची भरपाई दुसऱ्या उल्लंघनाने करावयाची नसते.

तथापि ह्या दोराससुद्धा शेवट आहे. एखाद्या शाळेत एकच मूल उरले, आणि अर्ध्या किलोमीटरावर सुखाच्या रस्त्याने चांगली शाळा आहे, तर ती पहिली शाळा चालू ठेवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. तेथे बंद करणेच योग्य होय. मात्र योग्य निर्णयानेही कोणाचे तरी काही हिरावले जाते. म्हणून तो निर्णय चिठ्ठीने कळवू नये. वाडीत येऊन, बसून, आईबापांच्या तोंडावर सांगावा, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, व त्यास उत्तर द्यावे. ज्यास आपला निर्णय न्यायाचा वाटतो त्यास तो समोर बसून सांगण्याची लाज वाटत नाही. पाठीमागून कळविलेला निर्णय न्यायाचा असला तरी मनुष्यास तुच्छ लेखणारा ठरतो.

आमच्या मंडळ्यांतील वृद्धांस ह्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. पूर्वी ज्या मुलांस गावच्या शाळेत इतरांपासून वेगळे, ओट्यावर बसवीत, त्यांच्या वस्तीत पुष्कळ ठिकाणी मिशनची शाळा हीच पहिली शाळा होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत परदेशांतून येणारे द्रव्य आटले, तेव्हा मिशनांसही आपल्या शाळांचा खर्च आखडावा लागला. मोठ्या गावातील शाळा गेली तर मुलांस दुसरीकडे ठिकाण होते. वस्तीतील शाळा गेली म्हणजे तेथील दिवा विझला. शाळा लहान होती म्हणून तिचे जाणे लहान ठरले नाही.

तर मग आमच्या वाचकांनी काय करावे? कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शेकडा ७५ सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. ही समिती पुष्कळ ठिकाणी सहीपुरती असते. तसे होऊ देऊ नका. ज्यास लिहिता-वाचता येते त्याने ठराव मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्यास येत नाही त्याने वाचून झाल्यावाचून अंगठा देऊ नये. शाळा बंद करण्याची किंवा शिक्षक कमी करण्याची गोष्ट निघाली तर रागावून उठून जाऊ नका, आणि मान डोलावून गप्पही बसू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. जी रक्कम वाचणार म्हणता ती उद्यापासून कोण भरणार? जे नेत आहात त्याच्या जागी काय, आणि ते केव्हा येणार? आणि तुमच्या स्वतःच्या खर्चातून आधी काय कमी केले? ह्या तिन्ही प्रश्नांस सरळ उत्तर मिळाले तर विरोध सोडून द्या व मुलांस नव्या शाळेत स्वतः पोहोचवा. उत्तर मिळाले नाही तर ठरावात तसे लिहून घ्या.

ज्यांची मुले खासगी शाळेत जातात अशा वाचकांसही एक विनंती आहे. तुमचे मूल त्या शाळेत नाही, तरी ती शाळा तुमच्या गावची आहे, आणि तुमचा शब्द पंचायत समितीत अधिक ऐकला जातो. वाडीच्या मनुष्यास तेथपर्यंत जाण्यास एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. तो दिवस त्याच्याऐवजी तुम्ही द्यावा, इतकेच मागून आम्ही हा लेख पुरा करितो.